तिसरी सही

सकाळी सहा चाळीसला
आउलिक्की वॅन्स्का, वय एकाहत्तर,
आमच्याच कागद कारखान्यातून निवृत्त,
कुत्र्याला घेऊन नदीवर गेली
आणि बर्फाच्या कडेला तिला फेस दिसला.
पिवळट, सायीसारखा जाड.
तिने दातांत धरून हातमोजा काढला,
फोटो घेतला, जगासमोर टाकला,
खाली लिहिलं : हे काय आहे?

मी तेव्हा दाढी करत होतो.

एकोणीस वर्षं मी या कारखान्याचं तोंड आहे.
पूर्वी नदीला फेस आला
तर आधी मला कळायचं, मग नदीला.
मी इल्पोला फोन करायचो, वर्तमानपत्रात.
आम्ही कॉफी प्यायचो, दालचिनीचा पाव अर्धा अर्धा,
आणि दुसऱ्या दिवशी पान चार, खाली डावीकडे
अकरा ओळी : किरकोळ गळती, धोका नाही.
ते पान आमच्याच कागदावर छापलेलं असायचं.
लगदा आमचा, कागद आमचा,
आणि खोटं कशाला बोलू,
त्यावरची शाईसुद्धा बरीचशी आमचीच.

आज निवेदनाला तीन सह्या लागतात.
पहिली तांत्रिक विभागाची. झाली.
दुसरी कायद्याची. त्यांनी ध चा मा केला :
'गळती'चं 'विसर्जन',
'फेसा'चा 'तात्पुरता दृश्य बदल'.
तिसरी हेलसिंकीतल्या साहेबांची,
आणि साहेब विमानात.

तोवर चार हजार लोक नदीवर जाऊन आले होते,
घरातून न हलता.
एका शाळकरी पोराने नकाशावर आमच्या नळीला
लाल टिंब लावलं. अचूक लावलं.
कुणी वडिलांच्या छातीचा एक्स-रे टाकला.
आणि कुणीतरी टाकले हंस.
मेलेले, अकरा, माना पाण्यात.

मी फोटो मोठा करून पाहिला.
हंसांमागे हिरवीगार वेतं होती.
आमच्याकडे मार्चमध्ये हातभर बर्फ.
हे हंस दुसऱ्या देशातले, कुठल्यातरी दुसऱ्या वर्षी मेलेले.
पण मी म्हणालो असतो, हंस खोटे आहेत,
तर गावाने ऐकलं असतं, फेस खोटा आहे.
एकोणीस वर्षांत मीच त्यांचे कान असे घडवलेत.

दुपारी इल्पोचा फोन.
त्याचा पेपर आता आठवड्यातून दोनदाच निघतो.
"आउलिक्कीचा फोटो लावलाय मी. तुझं आलं की खाली जोडतो."
खाली.
"कधी येईल?"
"तिसरी सही."
तो हसला. कुत्सित नाही,
एकाच जहाजावरचा माणूस हसतो तसा.

तीन वीसला साहेब उतरले, सही आली, निवेदन गेलं.
नीटनेटकं, दोन परिच्छेद, वर बोधचिन्ह.
त्याखाली पहिलीच प्रतिक्रिया, आउलिक्कीची :
हे काय आहे?

संध्याकाळी मी नदीवर गेलो. बूट चुकीचे होते.
ती तिथे होतीच. म्हणाली,
"दोन नंबरच्या मशीनवर एकतीस वर्षं होते मी.
फेस मला ओळखता येतो.
मी विचारलं ते तुम्ही सांगाल म्हणून."

तिथेच, बोटं काकडत असताना,
तिच्या फोटोखाली मी लिहिलं, माझ्या नावाने, एकाही सहीविना :
फेस आहे. आमचा आहे.
किती, ते मला अजून माहीत नाही.
हंस इथले नाहीत.

रात्री उठून पाहिलं.
माझं उत्तर वाचलेले, दोनशे बारा.
हंस, नऊ हजारांवर, अजून मरतच होते.
साहेबांचा एक निरोप : उद्या नऊला भेटा.
आणि आउलिक्कीचा एक अंगठा, वर केलेला.
नुसता अंगठा.
त्याचा अर्थ 'बरं केलंत' की 'वाचलं',
मी पहाटेपर्यंत लावत बसलो.