हजेरीवही

तिसरा रविवार, साडेसहा,
कमाटीबागेच्या फाटकाशी जमायचं, असं मीच कळवलेलं
आणि मीच पोचले पावणेसातला,
बगलेत हजेरीवही, डब्यात सुट्टे पैसे.
नाश्त्याचे माणशी चाळीस.
दिघ्यांनी पाचशेची नोट काढली, दर वेळेसारखी.

मंडळात कॅमेरे अकरा.
त्यातले सात माझ्या पेन्शनपेक्षा महाग.
माझा, मुलीनं टाकून दिलेला,
झाकण रबरानं बांधलेलं.
मी फोटो काढला की क्षितिज कलतं.
अहमदाबादचे परीक्षक म्हणाले होते,
'बेन, तुमची नदी सांडेल.'
तेव्हापासून मी जमाखर्च बघते.

पुलाखाली विश्वामित्री.
गाळ, पिशव्या, बाभळीचं वाकलेलं खोड,
आणि खोडाशेजारी दुसरं खोड,
ज्याला पाय होते.
जानेवारीचं ऊन अजून पलीकडच्या काठावरच.

'जो, केवो सूतो छे!' हर्षिदाबेन कुजबुजल्या.
गुजरातीत मगर तो, मराठीत ती.
यावरून त्या आणि रोहिणी खासगीवाले
तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर
पहिल्यांदा भांडल्या,
हळू आवाजात, मगर उठू नये म्हणून.
एक रिक्षावाला थांबला. काय बघताय?
मगर.
'बस? मगर?' म्हणून निघून गेला.

पागे कठड्याला टेकून.
एक्याऐंशी पूर्ण. मंडळ त्यांनीच काढलं,
रावपुऱ्यातल्या मोरीत काळे पडदे लावून.
आता डोळ्यांच्या बरोबर मधोमध डाग आहे,
कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं.
म्हणून ते बोलताना दुसरीकडेच बघतात.
नवीन मुलांना वाटतं, म्हातारा तुसडा आहे.

'कुठाय?'
आम्ही सगळे एकदम सांगायला लागलो.
डावीकडे. नाही, खाली. खोडाच्या अलीकडे,
अहो, एवढं नाही, थोडं मागे या.
कॅमेरा हळूहळू फिरला आणि थांबला.
'ऊन कुठवर आलंय?'
शेपटीपर्यंतही नाही, मी म्हटलं.
'मग थांबतो.'

बाकीच्यांचं अर्ध्या तासात झालं.
जबडा झाला, डोळा झाला, डोळ्यात पूल झाला,
आणि सगळे सेव-उसळ खायला गेले.
मी वही सांभाळत तिथंच.
ऊन गाळावरून इतकं सावकाश येत होतं
की आलं तेव्हा कळलंच नाही,
आणि त्याच वेळी ती पाण्यात शिरली.
पाणीसुद्धा फारसं हललं नाही.
'पागे, गेली!'
खटका त्यानंतर वाजला.

महिनाअखेरीला दिघ्यांच्या दिवाणखान्यात
चादरीवर नऊ मगरी.
दात, दात, डोळा, दात. एकीच्या पाठीवर बगळा,
त्याला टाळ्या.
मग पाग्यांचा फोटो.
गाळ. गाळावर एक रुंद, ओलं वळण
पाण्याच्या काठापर्यंत उतरत गेलेलं,
दोन्ही बाजूंना नखांचे ठसे,
आणि त्या ओलाव्यावर ऊन, नुकतंच पोचलेलं,
उशीर झाल्यासारखं.
कुणीतरी पंखा बंद केला.

परीक्षकांनी दहापैकी तीन दिले.
विषयच निघून गेलाय, म्हणाले.
पागे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते,
म्हणजे बहुधा आमच्याकडे.
'हो,' म्हणाले. 'अगदी आत्ताच.'

हल्ली बँकेत जाताना पुलावर थांबते.
थेट खाली बघत नाही,
नजर थोडी बाजूला ठेवते, बाभळीवर.
कडेला कधी काहीतरी हलतं,
कधी नाही.

त्या रविवारची हजेरी: अकरा.
पाग्यांनी उसळ खाल्ली नव्हती.
त्यांचे चाळीस परत द्यायचे राहिलेत,
वहीत तसं लिहून ठेवलंय.