खोडलेली ओळ

वर्लिनच्या कुंपणावर त्यांची पाटी, माझ्या अंगणात आमची.
अकरा वर्षं आम्ही बोललो ते फक्त बर्फाबद्दल,
आणि एकदा, त्याचा कुत्रा गेला तेव्हा.

दक्षिण डकोटातली धान्य-सोसायटी, वजनकाट्यामागची खोली.
मी कागद पुढे केला: खासदारांना पत्र,
मलावीतल्या लसींसाठी, त्यांच्या शीतपेट्यांसाठी.
नऊ सह्या. त्यातल्या सात माझ्याच चर्चच्या.

त्यानं टोपी मागे सारली. वाचलं.
'मानवतेच्या नात्यानं'पाशी बोट थांबलं.
"हे तुम्हा लोकांचं बोलणं, मार्लिस."
पेन घेतलं, ओळ खोडली.
माझ्या पोटात कालवलं.

मग, कागदावरची नजर न काढता,
तो एका मे महिन्याचं सांगू लागला:
वासरांच्या लसीचा खोका
ट्रकच्या काचेपाशी राहिला, दुपारभर.
तरी टोचली.
"एकतीस वासरं. खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं."

खोडलेल्या ओळीवर त्यानं लिहिलं,
जनावरांच्या वहीत लिहितात तशा अक्षरांत:
लस तापली की नुसतं पाणी.
बाटली बघून आईला ते कळत नाही.

सही केली. टोपी पुढे ओढली.
"मत मात्र तुमच्या माणसाला नाही."
"मागितलंय कुणी?"

रात्री पुढच्या गावासाठी नवी प्रत करायला बसले.
माझी ओळ परत घालावीशी वाटली.
नाही घातली.
त्याचं शुद्धलेखन तेवढं सुधारलं,
मग तेही
पुन्हा होतं तसं केलं.