रुळांच्या बाजूला

एकतीस वर्षं इल्गवार्सनं रिगा पाहिलं
ते समोरच्या काचेतून,
दोन रुळांमध्ये मावेल तेवढंच.
बाकीचं शहर त्याच्या खांद्यांवरून मागे जात राहिलं.
आणि माझं रिगा म्हणजे मोठ्या बाजारातला माशांचा गाळा,
ओली फरशी, काटा, बर्फ,
बारा महिने लाल हात.

लेकीचं पाकीट आलं डब्लिनहून :
आई, बाबा, एक दिवस पाहुण्यांसारखे फिरा.
सात वाजता टेबल सांगून ठेवलंय.
पैसे दिलेत, तेव्हा परत पाठवू नका.

त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, मी नवे बूट.
(चूक झाली. दहालाच कळलं.)

तीन तारे उंचावून उभी असलेली बाई पाहिली.
मी मान वर करून बघतेय,
आणि हा खाली बघून म्हणतो,
इथं वेग बाराच्या वर न्यायचा नाही, वळण फसवं आहे.
छपरावरची काळी मांजर पाहिली, पाठ कमानीसारखी.
तिची गोष्ट एक मुलगी छत्री उंच धरून
चार भाषांत सांगत होती.
आम्ही आमच्याच भाषेतली ऐकली, फुकट,
थोडं लांब उभं राहून.

पीटरच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे
हे मला एकसष्टाव्या वर्षी समजलं.
वर वारा असा, की बोललेलं परत तोंडात येतं.
दाउगावा सपाट, शिशाच्या रंगाची,
पूल तिच्यावर कुणीतरी विसरून गेल्यासारखे.
सगळे फोन काढून क्षितिजाकडे,
आणि हा मनगटावरच्या घड्याळाकडे.
दोन मिनिटं उशीर, म्हणाला.
खाली सात नंबर मुंगीच्या पावलानं वळत होती.
मादार्स असणार आज. घाबरतो पोरगा.

मग कधी नव्हे ते त्यानं विचारलं :
तुझा गाळा यातला कुठला?
बाजाराची पाच छपरं, पालथ्या होड्यांसारखी.
मी बोट दाखवलं. तिसरं. नदीकडचं दार.
तो बराच वेळ बघत राहिला.
तिथं मी घंटी द्यायचो, म्हणाला,
प्रत्येक फेरीला एक.
नियमात नव्हती.

मी काय बोलणार?
एकतीस वर्षं ती घंटी मी ऐकली,
सुरी चालवता चालवता, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालता घालता.
मला वाटायचं,
तिथं माणसं रस्ता ओलांडतात.

संध्याकाळी टेबलावर पांढरं कापड,
तीन आकाराचे चमचे.
आमच्यापुढे बशी आली, चाकाएवढी,
मधोमध धुरावलेली वाम, अंगठ्याएवढी,
वर शेपूची एकच काडी, चिमट्यानं ठेवल्यासारखी.
एकोणीस युरो!
मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीय हो,
वर दोन बांगडे फुकट.
वाढणाऱ्या पोराला विचारलं, कुठून आणता?
बाजारातून, म्हणाला, सकाळी, ताजी.
इल्गवार्स एवढा हसला की
शेजारच्या जर्मन जोडप्यानं आपली बशी जवळ ओढली.

मग राखाडी वाटाणे आले, चरबीत परतलेले,
ते मात्र घरच्यासारखे.
काळ्या पावाच्या चुऱ्यात थर दिलेली साय आली.
त्यानं आपल्यातली अर्धी माझ्याकडे सरकवली,
आणि उरलेला पाव
मी रुमालात बांधून पिशवीत टाकला.
पैसे लेकीनं दिलेत, पावाचेही दिलेच असतील.

परतीला सात नंबरच.
तो पुढे गेला नाही, माझ्याजवळ मागे बसला.
खिडकीची जागा त्याला दिली.
मी बूट काढून मांडीवर घेतले.
पोराचं वळण बरं गेलं. हा काही बोलला नाही.

बाजार बंद, दिवे मालवलेले,
तिसरं छप्पर अंधारात तसंच.
मादार्सला काय ठाऊक,
तो सरळ निघाला.

मी बुटाची टाच
लोखंडी दांड्यावर एकदा आपटली.
पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.
हा खिडकीबाहेरच बघत होता,
कान लाल.