हवा आधी काढायची

रुवैसला पहाटे साडेतीनला पाइप गार असतो.
टेस्ट तेव्हाच लावायची.
ऊन चढलं की आत कोंडलेलं पाणी फुगू बघतं
आणि पंपाला कुणी हात न लावता
गेजचा काटा वर सरकतो.
हे परकारचाचांनी शिकवलं. खेडचे.
बत्तीस वर्षं काट्याकडे बघून
एक डोळा कायमचा बारीक झालेले.

"वरचा व्हेंट उघडा ठेव.
आधी हवा फुसफुसेल, मग पाणी थुंकेल,
मग सलग धार. तोवर बंद करायचा नाय."

कॉम्प्रेसर आहे की साइटवर, मी म्हटलं,
टँकरची वाट कशाला बघायची?
चाचांनी डावा हात पुढे केला.
करंगळी नव्हती.
"सोहारला असाच टँकर अडकला होता.
साहेब बोलला, हवेवर घ्या.
हवा दबते रे. दाबशील तेवढी आत आत सरते,
हूं की चूं करत नाय,
आणि एकदम सगळा हिशेब मागते.
पाण्याचं तसं नाय. वेल्ड गेला
की एक चिळकांडी, काटा शून्यावर.
भांडून मोकळं होणारं माणूस."

शुक्रवारी अन्वयीचा फोन. नववीत आहे.
बिनसुईची सिरिंज, टोकावर बोट:
हवा निम्म्यावर आली,
पाणी जागचं हललं नाही,
खडूचा तुकडाही नाही.
"पण बाबा, खडूत तर हवा असते!"
असते. पण ती दबली तरी खडू दबत नाही.
मी वाटाणे सांगितले:
हवेत एका वाटाण्यापासून दुसरा दहा वाटाणे लांब,
पाण्यात पोत्यातल्यासारखे, टेकलेले पण घरंगळणारे,
खडूत जागच्या जागी बसवलेले.
ती जरा थांबली.
"म्हणजे वाटाणा दबतच नाही.
मधलं रिकामंच दबतं."

एवढं मला आयटीआयला कुणी सांगितलं नव्हतं.

काल चाचा कायमचे निघाले.
आम्ही दोघं त्यांच्या बॅगेवर बसलो.
ब्लँकेटमधली हवा सुस्कारत चेनमधून गेली,
खालचे दुधाच्या पावडरीचे डबे
तेवढे मांडीला टोचत राहिले.
चेन लागली.
काट्याला अडकवली. साडेतेहेतीस.
तिकिटावर तीसच.
"दाबून वजन कमी होत नाय,"
चाचा स्वतःशीच म्हणाले,
आणि खाली बसून चेन पुन्हा उघडली.
ब्लँकेट आपलं आपण वर आलं.