तेवीस कॅसेटी

अकरा जण होतो आम्ही त्या रात्री,
त्यातली एक ड्रमरची आई,
कानात कापूस, मांडीवर शेंगांची पुडी.
बांडुंगमध्ये, चिकाडासच्या बाजारामागे
शिंप्यांच्या पतपेढीचा हॉल.
उसना आणलेला ॲम्प्लिफायर
गाणं संपलं तरी गुणगुणत राहायचा,
वीज गेली तेव्हाच काय तो गप्प बसला.

बँडचं नाव 'तीन चमचे'. माणसं चार.
गाणारा आमच्याकडे पाठ करून गायला,
आणि तिसऱ्या गाण्यात ओमानच्या हातून काठी सुटली,
घरंगळत माझ्या चपलेपाशी आली.
मी हसले. मोठ्यांदा.
कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरने ते टिपलं
आणि कॅसेटवर कायमचं राहिलं:
काठी, हसू, एक-दोन-तीन, पुन्हा गाणं.

मी तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात होते.
कव्हरं तिथेच काढली, मालक जेवायला गेला की.
मामाच्या दोन खणी डेकवर
रात्री एकेक कॅसेट भरायची,
पेन्सिलीने रीळ घट्ट करायचं
आणि सकाळी कुणाच्या तरी गळ्यात मारायची.
तेवीस. मी मोजल्या आहेत.

एंकुस म्हणाला, ऐकतो. ऐकली नाही.
लीलिसने नाक मुरडलं: पत्र्याच्या डब्यात बसून गातात का गं हे?
तेती तर माझी जिवाभावाची,
तिने त्यावर जपानी शिकायचे धडे भरले.
सतराव्या धड्यानंतर टेप उरली
म्हणून शेवटचं अर्धं गाणं वाचलं.
चिडले नाही असं म्हणणार नाही.
सहा महिने तिच्याशी कामापुरतंच बोलले.

पण खरं सांगू?
एकदा हिरव्या आंगकोटमध्ये, गुडघ्याला गुडघा लावून
समोर बसलेला एक अनोळखी पोरगा
तेच गाणं शिळेवर वाजवत होता,
रद्द झालेल्या बसची वाट बघणाऱ्या बाईचं.
मला आनंद व्हायला हवा होता.
झाला नाही.
कुठून आलं ह्याच्याकडे? कुणी दिलं?
मी नाही दिलं.
मला वाटायचंही होतं, आणि कुलूपही लावायचं होतं.

मग काही झालं नाही.
म्हणजे तुम्हाला वाटतंय तसं काही.
ते गाजले नाहीत, टीव्हीवर दिसले नाहीत,
'बघ, मी आधीच सांगितलं होतं' म्हणायची
संधी मला कुणी दिली नाही.
गाणारा बाटामला कारखान्यात गेला.
दोघांचं काय झालं, ठाऊक नाही.
ओमान पाण्याचे पंप दुरुस्त करतो.

गेल्या कोरड्या दिवसांत आमचा पंप जळला
आणि तोच आला, पोट सुटलेला, पान्यांची पेटी घेऊन,
सोबत मुलगी किनांती, चौदाची असेल.
विचारलं, तुझ्याकडे ते रेकॉर्डिंग असेल ना?
म्हणाला, कसलं! घर बदलताना गेलं,
आणि पंपाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला.

मग मी डेक काढला.
आयुष्यात पहिल्यांदाच
बँडलाच बँडची शिफारस केली.

ओमानने पान्यावर ताल वगैरे धरला नाही.
फक्त काठी पडायच्या जरा आधी
त्याची बोटं आवळली.
'ही कोण हसतेय?' किनांतीने विचारलं.
मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर ती टेप मागे फिरवत होती,
फोन स्पीकरला चिकटवून, गाणं भरून घेत.
एका मैत्रिणीला पाठवते, म्हणाली,
तिला असलं काही माहीतच नसतं.
हं, म्हटलं, पाठव.
आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं,
सत्तेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही हातांत कपबशा:
तिला सांग हां, कुणी दिलं ते.