घंटी

आमच्या गांबियात मतपत्रिका नसते.
शाळेच्या वर्गात तीन पिंपं मांडतात,
प्रत्येकावर एकेक हसरा चेहरा डकवलेला.
माणशी काचेची एक गोटी.
नळीतून सोडली की आत घंटी वाजते.
एकदाच वाजली पाहिजे.
मी पडद्याच्या अलीकडे बसून
दिवसभर तेवढंच ऐकतो.
त्या दिवशी शाळेजवळ सायकली आणू देत नाहीत,
उगाच कुणाची घंटी मतात धरली जायची.

दुपारी न्याकासी आली.
शिंपल्यांनी चिरलेले हात,
शाई लावायला धड बोट कुठलं
म्हणून कारकून अडला.
पडद्याआड गेली,
आणि आवाजच नाही.
मी सत्तरपर्यंत मोजले.
मग, टिण्ण.

बाहेर येऊन म्हणाली,
"मास्तर, त्याला ऐकू गेलं का?"
"कोणाला?"
"धक्का बांधतो म्हणालेला, त्याला."
मी म्हटलं, मला ऐकू आलं.
"तू कुठे धक्का बांधणार आहेस!"

पाच वर्षांपूर्वी तो टेप घेऊन आला होता,
काठ मोजला,
खारफुटीत लाल रंगाचा एक खुंट ठोकला.
न्याकासी त्याला होडी बांधते.
म्हणजे अगदीच काही केलं नाही
असं म्हणता यायचं नाही.

रात्री कंदिलाच्या उजेडात
भोकाभोकांच्या ताटात गोट्या ओतल्या.
लाल खुंटवाला एकतीस गोट्यांनी पडला.
बायकांनी पातेली बडवली,
मीही दप्तर बांधता बांधता ताल धरला.
वाटलं, गेला बुवा आवाज कुठवर तरी.

तिसऱ्या महिन्यात नवा आला.
टेप घेऊन.
टेप तीच की दुसरी, मला सांगता येणार नाही.
काठ तोच होता.
त्याने खुंट ठोकला नाही,
आहे त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला.

काल पलीकडे जायला होडीपाशी गेलो
तर जुना साहेब रांगेत,
जीप नाही, माणसं नाहीत,
डोक्यावर रुमाल, पुढे शिंपल्यांची टोपली.
चढताना बूट चिखलात रुतले,
पोटरीपर्यंत गेला.
न्याकासीने हात पुढे केला
आणि ओढता ओढता, अगदी सहज,
"इथेच व्हायचा होता ना धक्का?"

तो काही बोलला नाही.
हात मात्र सोडला नाही त्याने,
एकदा पडलेला माणूस.