कुलूप नसलेली पेटी

या शाळेत एकोणतीस कुलुपं आहेत
आणि सगळ्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
फक्त या पेटीला कुलूप नको,
लोर्नाबाईंनी बजावलं होतं ऑगस्टात,
शाळा उघडायच्या आदल्या गुरुवारी.
मी स्क्रू पिळत होतो, त्या मागे उभ्या राहून उंची बघत होत्या.
'अजून खाली घे, ऑर्विल.
बुटक्या बाईचाही हात पोचला पाहिजे.'

मग जिममध्ये, कुस्तीच्या निळ्या गाद्यांवर,
कमरेखाली काहीच नसलेला एक रबरी माणूस निजवला,
आणि त्याच्याभोवती आम्ही:
गणिताच्या बाई, बस चालवणारा व्हर्जिल,
जेवणघरातली ओलीटा, हातांना कांद्याचा वास,
नवे मुख्याध्यापक, टाय खांद्यावर टाकून गुडघ्यांवर बसलेले.

आधी हाक मारा, बाई सांगत होत्या. नावानं.
नाव ठाऊक नसेल तर बाळा म्हणा.
छातीच्या हाडावर बोटांची पेरं रगडा, दुखेल इतकी.
ओठ बघा. नखं बघा.
हे घोरणं म्हणजे झोप नव्हे.
मान मागे, नळी नाकपुडीत, अंगठा दाबा. एकदाच.
मग घड्याळ.
ॲम्ब्युलन्स डोंगरापलीकडून येते, बावीस मिनिटं,
बर्फ असला तर किती ते देवाला ठाऊक.
तोवर त्याचा श्वास तुम्ही घ्यायचा.

'आणि जागा झाला की शिव्या देईल,'
ओलीटा म्हणाली.
सगळ्यांनी वळून पाहिलं.
'लाथही मारेल. मारू द्यावी.'
तिनं ॲप्रनला हात पुसले. कोरडेच होते.
खाण बंद पडल्यापासून लॉरेल फोर्कमध्ये
कोणाच्या धाकट्याची चौकशी करत नाहीत.
व्हर्जिलनं खाकरून विचारलं,
बसमध्ये एखादा ठेवला तर थंडीत गोठेल का?
बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

दर सोमवारी मी झाकण उघडून मोजतो.
दोन.
तारीख वाचतो, चष्मा कपाळावर सारून.
शेजारच्या भिंतीवर दुसरीच्या मुलांचे भोपळे लागले, उतरले,
पंजा गिरवून काढलेल्या टर्की आल्या,
मग कागद कातरून केलेलं हिम.
दोन. दोन. दोन.

जानेवारीत एका सोमवारी, एक.

काही फुटलं नव्हतं. झाकण नीट लावलेलं.
शुक्रवारी मी पुसून गेलो त्या फरशीवर
बुटांचे ठसे, चिखलाचे, वाळलेले,
माझ्या तळहाताएवढे.
आणि पेटीखाली उलटी घातलेली बादली.
माझीच.

मी म्हणालो, कॅमेरा आहे ना, बघू या?
लोर्नाबाई बादलीकडेच बघत होत्या.
मग कपाटातून नवा डोस आणला, जागेवर ठेवला.
'स्क्रू काढ, ऑर्विल,' म्हणाल्या,
'हातभर खाली घे.'

नोंदवहीत त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही.
तो डोस कोणासाठी गेला, वेळेत गेला का,
की अजून कुठल्या उशीखाली आहे, तेही नाही.
दुपारी ओलीटा न विचारता सांगून गेली,
ताटं मोजली. सगळी पोरं आलीत.
एकीनं दूध दोनदा मागितलं.
दिलं.

वरच्या चार भोकांत मी लांबी भरली,
रंग लावला, जुळला नाही.
जवळ गेलं की दिसतं
आधी आम्हाला काय वाटलं होतं ते.

आता अठ्ठावीस कुलुपं मी साडेतीनला लावतो.
बाजूच्या दाराचं,
शुक्रवारी,
जरा उशिरा.